अर्थसंकल्पावर बोलायला कोणाला बोलवावं: सीए की प्राध्यापक?

जानेवारी संपत आला की वाचनालयं, ज्येष्ठ नागरिक संघ आणि रोटरीवाले एकाच विवंचनेत असतात: यंदा अर्थसंकल्पावर वक्ता कोण? आमच्या तालुक्याच्या वाचनालयात सीएही आणून झाले आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापकही. त्या अनुभवावर हे लिहितोय. तुमचा श्रोता वेगळा असेल तर हिशेब उलटाही पडेल.

सोय बघायची तर सीएच. १ फेब्रुवारीला भाषण झालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणूस हजर. बहुधा गावातलाच, मानधनाचं नाव काढत नाही, उलट व्यासपीठामागच्या फ्लेक्सचा खर्चही स्वतःच उचलतो (फ्लेक्सवर त्याच्या फर्मचं नाव जरा मोठंच असतं, पण चालायचंच). भाषणाचा भाग ब, म्हणजे करप्रस्ताव, त्याला तोंडपाठ. २०२५ला नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य झाला तेव्हा पगारदारांसाठी हा आकडा पावणेतेरा लाखांवर कसा जातो, आणि शेअर विकून झालेल्या नफ्याला ही सूट का मिळत नाही, हे आमच्या सीएंनी पाच मिनिटांत समजावलं. प्राध्यापकांच्या भाषणात ही मेख आलीच नसती.

प्राध्यापकांचं सगळंच जिकिरीचं. कागदपत्रं वाचायला आठ-दहा दिवस हवेत, त्यात प्रात्यक्षिक परीक्षा, मग येण्याजाण्याची गाडी आणि पाकीट. बोलायला लागले की १९९१च्या उदारीकरणापासून. स्लाइडवरचे आकडे तिसऱ्या रांगेतूनही दिसत नाहीत. शिवाय पहिल्या दहा मिनिटांत पुढची रांग ठरवून मोकळी होते की हे कोणत्या पक्षाचे. नोकरीतले असतील तर केंद्रावर मोकळे बोलतात, राज्य सरकारचा विषय निघाला की शब्द तोलायला लागतात. शक्यतो निवृत्त बघा, एवढं सुचवेन.

इथपर्यंत सीए पुढे आहेत. माझं मत फिरलं ते प्रश्नोत्तरांमुळे.

सीएंचं भाषण संपलं की पहिला हात वर येतो: भावाबरोबरचा वडिलोपार्जित फ्लॅट विकलाय, पैसे कुठे गुंतवू? दुसरा: आईच्या मुदतठेवीवर बँकेने टीडीएस कापलाय. तिसरे गृहस्थ तर सरळ फाइल घेऊन व्यासपीठापाशी. वक्त्याला नाही म्हणता येत नाही, उद्याचं अशील आहे ते. पंधरा मिनिटांत सभागृहाचं ऑफिस होतं, फक्त माइक चालू असतो. मागे बसलेले शेतकरी, महिला मंडळाच्या बायका आणि आमच्या अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची मुलं एकेक करून उठतात. मुलं वही घेऊन आलेली असतात, वही कोरीच राहते. हे एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण वक्ता बदलला तरी हेच. गंमत म्हणजे १२ लाखांची सूट आल्यापासून सभागृहातल्या बहुतेकांना आयकर लागतच नाही, आणि आम्ही दोन तास आयकरावरच काढतो.

प्राध्यापकांना असे प्रश्न कोणी विचारत नाही, कारण ते आपलं रिटर्न भरणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. मग वेगळे प्रश्न येतात. आमच्याकडे एका मुलीने विचारलं, सरकारचा सगळ्यात मोठा खर्च कशावर? सरांनी स्लाइड्स बंद केल्या आणि फळ्यावर लिहिलं: २०२५-२६चा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यातलं व्याज १२.७६ लाख कोटी. रुपयातले चार आणे जुन्या कर्जाच्या व्याजात. मग त्यांनी अर्थसंकल्पाच्या तक्त्यातल्या रकान्यांकडे बघायला शिकवलं. २०२४-२५ला भांडवली खर्चाची (रस्ते, रेल्वे अशा कामांवरचा खर्च) घोषणा ११.११ लाख कोटींची होती, सुधारित अंदाजात ती १०.१८ वर आली. टाळ्या पहिल्या आकड्याला पडतात, दुसरा वर्षभराने बारीक टायपात येतो. भाषण ऐकून घरी जाताना अर्थसंकल्प वाचता येऊ लागलाय असं मला तरी त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

त्यांच्या उशिराचाही फायदाच झाला. तारीख लांबत मार्चच्या मध्यावर गेली, तोवर १० मार्चला राज्याचाही अर्थसंकल्प आला होता. लाडकी बहीण योजनेची तरतूद ४६ हजार कोटींवरून ३६ हजारांवर आलेली, आणि महिन्याच्या १५००चे २१०० होण्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी महिला मंडळाची रांग शेवटपर्यंत जागची हलली नाही. २ फेब्रुवारीच्या व्याख्यानात हे येणार कुठून?

प्राध्यापक म्हणजे नुसते पुस्तकी, असं आमच्या कार्यकारिणीतले एक काका नेहमी म्हणतात. त्यांना मी व्याजदर ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचं उदाहरण देतो. सहापैकी तीन सदस्य बाहेरचे असतात. जून २०२४मध्ये त्यातले दोन प्राध्यापक, अहमदाबादच्या आयआयएमचे जयंत वर्मा आणि गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या आशिमा गोयल, यांनी बहुमताच्या विरोधात व्याजदर कमी करा असं मत दिलं आणि कारणांसह इतिवृत्तात नोंदवलं. कपात व्हायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. कोण बरोबर यावर वाद घाला, पण मत नावानिशी नोंदवलेलं आहे. काकांना अजून पटलेलं नाही.

राजकारणावर व्याख्यान ठेवायचं तर निवड पत्रकार की राज्यशास्त्राचे प्राध्यापक अशी असते, आणि तिथे मी एवढा ठाम नाही. २०२४च्या लोकसभेला राज्यातल्या ४८पैकी ३० जागा घेणारी महाविकास आघाडी सहा महिन्यांत विधानसभेला का कोसळली, याची आतली गोष्ट पत्रकार जास्त रंगवून सांगतात. गर्दीही तेच खेचतात.

तुमचं मंडळ व्यापाऱ्यांचं असेल, किंवा श्रोते मुख्यतः पगारदार असतील, तर सीएंनाच बोलवा, मी आग्रह धरणार नाही. वाचनालय, महाविद्यालय, महिला मंडळ असेल आणि पैसे एकाच कार्यक्रमाचे असतील तर प्राध्यापक. तारीख राज्याच्या अर्थसंकल्पानंतरची धरा. १९९१ दहा मिनिटांत उरका असं फोनवरच सांगून ठेवा, ते रागवत नाहीत. फळा आणि खडू आधी बघून ठेवा. आणि सीएच ठरले तर प्रश्न चिठ्ठीवर घ्या, चिठ्ठ्या निवडायला कार्यकारिणीतला असा माणूस बसवा ज्याची स्वतःची कोणतीही मालमत्ता विकायची नाही.