एल्कच्या सीझनआधी स्पॉटिंग स्कोप घेताना झालेली फसवणूक

कोलोरॅडोत मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या परवान्यांसाठी ड्रॉ, म्हणजे सोडत, निघते; तिचे निकाल मेच्या अखेरीस नाहीतर जूनच्या सुरुवातीला लागतात. कुणाला कुठल्या युनिटचा (शिकारीच्या विभागाचा) टॅग, म्हणजे परवाना, मिळाला हे कळलं की लगेच वापरलेल्या सामानाच्या बाजाराला उधाण येतं. फ्रेम पॅक, टायटॅनियमच्या शेगड्या, तंबू, दुर्बिणी, सगळं विकायला निघतं. धनुष्यबाणाचा सीझन सप्टेंबरात, रायफलचा ऑक्टोबरच्या मध्यापासून. म्हणजे जुलै-ऑगस्टात घेणाऱ्यांची घाई शिगेला पोहोचलेली असते, आणि हे वेळापत्रक ठगांना आपल्यापेक्षा चांगलं पाठ असतं. गेल्या वर्षी याच दिवसांत एका स्पॉटिंग स्कोपपायी (लांबचं मोठं करून दाखवणारी, ट्रायपॉडवर लावायची एकनळी दुर्बीण) माझे १,८५० डॉलर अडकले. सविस्तर लिहितोय, कारण ‘सुरक्षित पद्धतीने पैसे भरा, ट्रॅकिंग नंबर घ्या’ हा जो सल्ला सगळे देतात तो पाळूनही हे घडलं.

स्कोपची गरज का पडली ते आधी सांगतो. भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्या मंडळींना या छंदाचं नवल वाटतं. इथे ती परवान्याने चालते, आणि १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं शिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा भाऊबंद, पण अंगाने बराच दांडगा. कोलोरॅडोतल्या बहुतेक युनिटांत रायफलवाल्याला कुठलाही नर मारता येत नाही. एका शिंगाला निदान चार फाटे हवेत, नाहीतर कपाळाजवळचा फाटा पाच इंच तरी लांब हवा. आता हे अकरा हजार फुटांवर, दरीच्या पलीकडच्या उतारावर झाडांच्या सावलीत चरणाऱ्या जनावराच्या बाबतीत ठरवायचं असतं. दहा पटींच्या दुर्बिणीतून ‘शिंगं आहेत’ एवढंच दिसतं. फाटे मोजायला जवळ जावं लागतं, दरी उतरून पुन्हा चढावी लागते, आणि वर गेल्यावर कळतं की पोरगं तीन फाट्यांचंच आहे. वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या भागात गाडी सोडा, सायकलही चालत नाही. जे काही न्यायचं ते पाठीवर. म्हणून स्कोप हलकाच हवा, पण काच उत्तम हवी. पुढची काच ६५ मिलिमीटरची असलेला युरोपियन स्कोप नवा घ्यायचा तर हजारोंत जातो, त्यामुळे वापरलेला शोधत होतो. पाठीवरचा पॅक आधीच बदलून झाला होता. (नर एल्कचं हाडं काढलेलं मांस नव्वद किलोच्या आसपास भरतं आणि खाण्याजोगं मांस रानात सोडून येणं इथे गुन्हा आहे. त्यामुळे पॅकवर कंजूषी करू नये हे माझं ठाम मत आहे. स्कोपवर एखाद वर्ष केली तरी चालते.)

शिकारीच्या सामानाच्या खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर जाहिरात दिसली. विक्रेत्याचं खातं जुनं होतं, मागच्या व्यवहारांचे चांगले शेरे होते, स्वतःच्या शिकारीचे फोटो होते. हे खातं मूळ मालकाकडून पळवलेलं होतं, हे फार नंतर कळलं. खऱ्या मालकाला स्वतःच्या खात्यात शिरताच येत नव्हतं आणि तो बिचारा ओळखीच्यांना फोन करून सांगत होता. पण त्याचा फोन आपल्यापर्यंत कसा येणार?

किंमत बाजारभावापेक्षा थोडीच कमी होती. इथे लोक गफलत करतात. अर्ध्या किमतीला कोणी स्कोप विकत असेल तर शेंबडं पोरही संशय घेईल, त्यामुळे चांगला ठग तसं करतच नाही. तो दहा-पंधरा टक्के सोडतो आणि सोबत कारण देतो. याचं कारण होतं, ‘यंदा टॅग मिळाला नाही, गुडघ्याचं ऑपरेशन आहे.’ ड्रॉमध्ये रिकाम्या हाताने राहिलेल्या प्रत्येकाला पटेल असंच.

कागदावर माझं नाव आणि तारीख लिहून तो स्कोपशेजारी ठेवून फोटो पाठवा, असं मी सांगितलं. तासाभरात फोटो आला. सीरियल नंबर मागितला, तोही मिळाला. आज तोच फोटो मोठा करून पाहतो तेव्हा कागदाची सावली टेबलावर पडलेलीच नाही, आणि स्कोपची मात्र स्पष्ट पडली आहे. जुन्या फोटोत कागद चिकटवणं हे आता फोनवर दोन मिनिटांचं काम झालंय. सीरियल नंबरही खरा होता, पण कुणा तिसऱ्याच माणसाच्या, केव्हाच विकल्या गेलेल्या स्कोपचा. त्या जाहिरातीतले फोटोच यानेही वापरले होते.

पैशांचं बोलणं निघाल्यावर त्याने आधी ‘मित्र-नातेवाइकांना पाठवतात तसे पाठवा’ असं सुचवलं. त्या मार्गाने गेलेल्या पैशांना कसलंच संरक्षण नसतं, म्हणून मी साफ नाही म्हटलं. खरेदीच्या संरक्षणासकट पाठवेन, वरची तीन टक्के फी मी सोसतो, असं सांगितलं. तो लगेच तयार झाला. कुरकुर नाही, घासाघीस नाही. त्याच्या या तयारीनेच माझी उरलीसुरली शंका फिटली. मला वाटतं पहिला प्रस्तावही त्यासाठीच होता: माणसाला एकदा नाही म्हणू दिलं की आपण दक्ष आहोत असं त्याचं त्यालाच वाटू लागतं. संरक्षित व्यवहाराची भीती नसण्याचं कारण वेगळंच होतं. त्याची तजवीज आधीच झालेली होती.

दोन दिवसांत ट्रॅकिंग नंबर आला. पार्सल निघालं, एका सॉर्टिंग केंद्रातून दुसऱ्यात गेलं, डेन्व्हरला पोहोचलं, आणि एका दुपारी ‘डिलिव्हर्ड’ असं दिसलं. गाव माझं, झिप कोडही (इथला पिन कोड) माझा. दारात मात्र काही नाही.

विक्रेत्याला कळवलं तर काळजीने उत्तर आलं. शेजाऱ्यांकडे विचारा, दारातून पार्सलं उचलणाऱ्या चोरांचा सुळसुळाट आहे, पोलिसांत चोरीची तक्रार नोंदवा, मी लागेल ती मदत करतो. किती भला माणूस, असं घरात सगळ्यांना वाटलं. हा सल्ला सापळ्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. ‘चोरीला गेलं’ असं तुम्ही लेखी म्हणालात की पार्सल तुमच्या दारापर्यंत आलं होतं हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. पोहोचल्यानंतर झालेली चोरी ही विक्रेत्याची जबाबदारी नसते, आणि पेमेंट कंपनीचं संरक्षण तिथेच संपतं. पोलीस तक्रारीचा कागद मग त्याच्या बाजूचा पुरावा ठरतो. म्हणून काहीच हाती आलं नसेल तर ‘मला मिळालं नाही’ इतकंच लिहा. त्याचं काय झालं असेल याचा अंदाज स्वतःहून बांधू नका.

पेमेंट कंपनीकडे केलेला माझा क्लेम, म्हणजे पैसे परत मिळण्याचा दावा, काही दिवसांत फेटाळला गेला. कारण एका ओळीचं: ट्रॅकिंगनुसार वस्तू पोहोचली आहे. कुणी माणसाने तो वाचला असेल असं मला वाटत नाही.

उलगडा पोस्टाच्या खिडकीवर झाला. आपल्या सगळ्यांना स्क्रीनवर फक्त गाव आणि झिप कोड दिसतो. पत्ता दिसत नाही, आणि ठग जगतो तो या फटीवर. तो तुमच्याच झिप कोडातला कुठलाही पत्ता शोधतो आणि तिथे एक हलकं पाकीट पाठवतो. नंबर खरा, प्रवास खरा, पोहोचही खरी. पार्सल तेवढं तुमचं नसतं. पोस्टमनच्या स्कॅनरमध्ये स्कॅन केल्या जागेची नोंद राहते, आणि खिडकीमागच्या कर्मचाऱ्याला ती काढता येते. दुसऱ्याचा पत्ता ते सांगत नाहीत, सांगूही नये. पण ‘हे पार्सल तुमच्या पत्त्यावर पाठवलेलंच नव्हतं’ एवढं सांगू शकतात. आमच्या पोस्टातल्या बाईंनी नंबर टाकला, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, तुमच्या स्कोपचं वजन किती? ट्रायपॉड नसताना दीड-दोन किलो, म्हटलं. त्या म्हणाल्या, हे पाकीट काही औंसांचं आहे.

मी हेच पत्रावर लिहून, शिक्का मारून मागितलं. आधी टाळाटाळ झाली. सुपरवायझरला भेटल्यावर मिळालं. तुमच्यावर अशी वेळ आली तर हा कागद घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला पुढे काडीची किंमत नसते. दुसरा उपयोगी पुरावा माझ्याकडे आपोआप तयार झाला होता. अमेरिकन टपाल खात्याची ‘इन्फॉर्म्ड डिलिव्हरी’ नावाची फुकट सोय आहे. तुमच्या पत्त्यावर येणाऱ्या पत्रांचे फोटो आणि पार्सलांची यादी रोज सकाळी ईमेलने येते. त्या दिवसाच्या यादीत हा नंबर नव्हता, आणि ते ईमेल मी पुसून टाकलेलं नव्हतं. अजून नावनोंदणी केली नसेल तर आजच करा. काही घडून गेल्यावर केलेल्या नोंदणीचा मागच्या पार्सलाला उपयोग नाही. खासगी कुरिअर असेल तर ट्रॅकिंगच्या पानावर बहुतेक वेळा वजन छापलेलं असतंच. तिथे पहिली नजर वजनावर टाका.

पेमेंट कंपनीकडे अपील केलं, पत्र जोडलं. त्याचं घोंगडं भिजत राहिलं. शेवटी पैसे परत आले ते बँकेकडून, कारण पेमेंटच्या खात्यामागे मी क्रेडिट कार्ड लावलेलं होतं. १९७४च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यानुसार ठरल्याप्रमाणे न मिळालेल्या वस्तूच्या रकमेवर कार्ड देणाऱ्या बँकेकडे हरकत घेता येते, पण ती रक्कम ज्या बिलात पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत आणि लेखी. विक्रेत्याचा तो मदतीचा सूर, ‘मी पोस्टाशी बोलतोय, आठवडाभर थांबा’, हे दिवस खाण्यासाठीच असतो. डेबिट कार्ड किंवा झेलसारख्या थेट बँकेतून जाणाऱ्या मार्गाने पैसे गेले असते तर या कायद्याचं हे दुसरं दार उघडलंच नसतं. सीझन मात्र तोवर संपला होता, आणि तीन फाट्यांच्या नराने मला त्या वर्षीही दरी ओलांडायला लावली ती लावलीच.

आमच्या मंडळातल्या एका धाकट्या मित्राची गोष्ट वेगळी वाटते, पण जातकुळी तीच. त्याला ‘दुकान कायमचं बंद होतंय’ अशा जाहिरातीतून शेगडी बसवता येणारा तंबू ऐंशी टक्के सवलतीत मिळाला. कंपनीचं चिन्ह, फोटो, मजकूर सगळं मूळ वेबसाइटवरून उचललेलं. वेबसाइट काढून महिनाही झाला नव्हता. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कधी नोंदवलं हे आयकॅन या इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या संस्थेच्या लुकअपवर कुणालाही फुकट पाहता येतं. महिन्याने त्याचा फोन आला, ‘दादा, पार्सल तर आलं, पण आत प्लास्टिकचा गॉगल आहे.’ आपण म्हणतो चुकून आला असेल. तो गॉगल चुकून येत नाही. त्याच्या पत्त्यावर, त्याच्या नावाने काहीतरी पोहोचलं अशी नोंद व्हावी म्हणून तो येतो. त्याने बँकेकडे ‘वस्तू मिळाली नाही’ असं लिहिलं असतं तर हरलाच असता. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ असं लिहायला लावलं, पाकिटावरच्या वजनाचा फोटो जोडला, तेव्हा काम झालं. मधल्या काळात विक्रेत्याने ‘गॉगल स्वखर्चाने चीनला परत पाठवा, नाहीतर वीस टक्के घेऊन मिटवा’ अशी तडजोडही पुढे केली होती. वीस टक्के घेतले की प्रकरण मिटलं असं धरतात, म्हणून घेऊ नयेत.

दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसते. ठगाला आपल्याला फसवायला फारसे कष्ट पडत नाहीत. त्याची खरी मेहनत असते ती नंतर निवाडा करणाऱ्या यंत्रणेसाठी कागद तयार ठेवण्यात. आपण ‘हा माणूस खरा आहे का’ एवढंच तपासत बसतो. त्याच्याइतक्याच आधीपासून आपलेही कागद तयार पाहिजेत.

महागडी काच असेल तर आता मी व्हिडिओ कॉलशिवाय पुढे जात नाही. स्कोप ट्रायपॉडवर लावा, फोन आयपीसला (डोळा लावायच्या काचेला) टेकवा आणि खिडकीबाहेरचं एखादं झाड दाखवा, मग झूम फिरवा. वस्तू हातात असलेल्याला हे चहा पिता पिता जमतं. नसलेल्याचा कॅमेरा नेमका त्या आठवड्यात बिघडलेला असतो. पत्ता लिहिलेलं पार्सल पोस्टाच्या काट्यावर ठेवून पावतीसकट फोटो पाठवायला सांगतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं वापरलेली घेत असाल तर आणखी एक: जुन्या मालकाच्या खात्यातून यंत्र सुटलेलं नसेल तर ते तुमच्या नावावर चालूच होत नाही, आणि हे कळतं ते बहुधा निघायच्या आदल्या रात्री. पैसे देण्याआधी ते त्याला स्वतःच्या खात्यातून काढायला लावा.

तक्रार मी एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे आणि टपाल खात्याच्या तपास शाखेकडेही केली. टपालातून फसवणूक हा या देशात १८७२पासून केंद्रीय गुन्हा आहे, त्यामुळे ती शाखा अशी प्रकरणं नोंदवून तरी घेते. ग्रुप चालवणाऱ्यांनी ते खातं बंद केलं. यंदा जुलैत तेच फोटो दुसऱ्या ग्रुपवर पुन्हा आले. स्कोप हिरवट रंगाचा आहे, फोकसच्या कड्यावर आडवा ओरखडा आहे, खाली लाकडी टेबल. विक्रेता आता आयडाहोचा असल्याचं सांगतो, किंमत शंभर डॉलरने उतरली आहे आणि गुडघ्याऐवजी खांद्याचं ऑपरेशन आहे.