काचेचा पितळी दिवा: गुढीपाडव्यापासून दिवाळीपर्यंत रोज लावल्यानंतर

श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी काच तडकली. कंपनी म्हणते, काच हमीत येत नाही आणि सुटी मिळतही नाही, नवा दिवा घ्या. साडेचौदाशे रुपयांच्या दिव्यातली काच गेली की अख्खा दिवा मोडीत काढायचा, हे मला अजिबात पटलेलं नाही. म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

दिवा कसा आहे ते सांगत बसत नाही. पितळी बैठक, मधे वातीची नळी, वर काचेची चिमणी आणि तिच्यावर नक्षीचं टोपण. असे दिवे आता बहुतेकांनी पाहिलेत. आम्ही तो यंदाच्या, म्हणजे २०२५च्या पाडव्याला, ३० मार्चला घेतला. घरात समई होती, आजीची निरांजनं होती, तरीही घेतला. लेक मनू तेव्हा पावणेदोन वर्षांची होती आणि तिला रोज संध्याकाळी दिव्यापाशी बसवायची आमची फार इच्छा होती.

उघड्या दिव्यापाशी ते जमत नव्हतं. समई जमिनीवर ठेवावी तर ती थेट तिच्या हाताच्या टप्प्यात. देवघरात उंचावर निरांजन लावावं तर तिला ज्योत दिसतच नाही. कडेवर घेऊन दाखवावं तर ती फुंकर मारते. सोसायटीतल्या मुलांच्या वाढदिवसांना केकवरच्या मेणबत्त्या पाहून मुलं हेच उचलतात, ज्योत दिसली की फू! आमच्याकडे दिवा फुंकत नाहीत. पण ‘फुंकू नको, हात लावू नको, मागे हो’ एवढंच रोज ऐकवत राहिलो असतो तर दिवेलागण म्हणजे ओरडा खायची वेळ होऊन बसली असती.

या काचेने तो प्रश्न मिटवला. पहिले काही दिवस तिने जीव खाऊन फुंकून पाहिलं. ज्योत हलत नाही म्हटल्यावर फुंकणं सोडलं आणि नुसती बघत बसली. पैसे वसूल झाले असं मला वाटलं ते त्याच आठवड्यात. एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. काच आहे म्हणजे हात लावला तर चालेल, असं नाही. दहा मिनिटांत काच चांगली तापते, टोपण तर त्याहून जास्त. आमच्याकडे दिवा चौरंगावर, तिचा पाट त्याच्यापासून हातभर लांब, आणि मधे मी.

दिवेलागण माझ्याकडे आहे, कारण मी घरून काम करतो आणि बायको आठ वाजता पोचते. सुरुवातीला आम्ही सातची वेळ ठरवली होती, ती लवकरच सोडून दिली. पुण्यात जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या आतच. एवढ्याशा मुलाला घड्याळ कळत नाही, एकामागून एक काय होतं ते कळतं. खाली खेळून आलो की हातपाय धुवायचे. मग डब्यातली वात तिने आणून द्यायची. मी दिवा लावायचा, तिने बैठकीला हळदीकुंकवाचं बोट लावायचं. मग शुभंकरोति, नमस्कार, आणि हातावर केळ्याची चकती. शेंगदाणे आणि खडीसाखर या वयात घशात अडकू शकतात, म्हणून तो प्रसाद आम्ही ती मोठी होईपर्यंत बाजूला ठेवलाय. कापराची डबी तर वरच्या फळीवर, कुलपात. कापूर मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं.

सगळं मिळून पाच-सात मिनिटांचं काम आहे. आई, म्हणजे माझी आई, वाईहून आली की म्हणते, ‘अरे, रामरक्षा तरी लाव तिच्या कानावर.’ लावतो, पण नंतर, जेवण भरवताना. दिव्यापाशी जे व्हायचं ते तिच्या दमाएवढंच हवं, असं माझं ठाम मत आहे.

आता काजळी.

आम्ही संध्याकाळी रोज दिवा लावायला लागलो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच काचेच्या वरच्या निम्म्या भागात काळा थर यायला लागला. पाडव्याला सोनेरी दिसलेली ज्योत आठवड्याभरात धुरकट काचेमागे दिसेनाशी होई. मनू एका संध्याकाळी पाटावरून उठली आणि ‘दिवा नाई’ म्हणून निघून गेली. तिच्या दृष्टीने दिवा नव्हताच! ज्या एका गोष्टीसाठी हा दिवा घेतला, ती म्हणजे मुलाला ज्योत जवळून दिसणं, तीच काजळीने काढून घेतली. तेव्हा मी पाचपैकी तीन तारे दिले होते.

कस्टमर केअरने सांगितलं, तेल बदला. बदललं. ‘पूजेचं तेल’ म्हणून जे सुगंधी तेल मिळतं त्यात खनिज तेलाची भेसळ असू शकते, आणि लहान मूल घरात असताना ते उघड्यावर नकोच. आम्ही स्वयंपाकाचं तिळाचं तेल घ्यायला लागलो. काजळी जरा कमी झाली, गेली नाही. मग तूप आणि फुलवात. काच बरीच स्वच्छ राहिली, पण रोज तूप जाळणं आमच्या महिन्याच्या हिशेबात बसत नाही; ते सणावारालाच. मग वात कापून लहान ठेवली. नळीच्या वर जेमतेम पाच मिलिमीटर वात राहिली की धूर कमी होतो, हे खरं आहे आणि प्रत्येकाने करावं. तरीही दोन दिवसांआड काच घासायला लागायचीच. साबणाने धुवायची, पुसायची, पूर्ण कोरडी करायची, कारण ओली काच ज्योतीवर ठेवली की तडकू शकते. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला हे सगळं कोण करणार? काच काळी असली की त्या दिवशी ‘आज निरांजनच लावू’ असं होतं, आणि एकदा क्रम मोडला की मूल दुसऱ्या दिवशी पाटावर बसत नाही.

कारण सापडलं ते आषाढात. ज्योतीला खालून हवा लागते. काचेच्या खाली बैठकीला जी नक्षीची भोकं आहेत ती जेमतेम दोन मिलिमीटरची, आणि त्यातली निम्मी पॉलिश भरून बुजलेली. हवा पुरत नाही, तेल नीट जळत नाही, न जळलेला कार्बन काचेवर बसतो. मी काचेखाली एक रुपयाची तीन नाणी ठेवून बारीक फट केली आणि दिवा लावला. लांब, पिवळी, टोकाशी धुरणारी ज्योत आखूड झाली, स्थिर झाली, टोकाचा धूर थांबला. तेल तेच, वात तीच. एवढी साधी गोष्ट कारखान्यात कोणीही तासभर दिवा जळता ठेवून पाहिला असता तर कळली असती! दिवा दिसायला सुंदर केलाय, जळायला नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे आणि ती आजही कायम आहे.

नाण्यांवर काच डुगडुगते, मुलाजवळ ते चालणार नाही. म्हणून बैठक घेऊन कसब्यातल्या तांबट आळीत गेलो. तिथल्या एका कारागीर काकांनी बैठक उलटीसुलटी करून पाहिली, ‘याला श्वासच नाही ठेवला’ म्हणाले, आणि भोकं पाच मिलिमीटरची करून कडा कानशीने घासून दिल्या. वर नळी सैल होती ती झाळून घट्ट केली. दीडशे रुपये घेतले.

त्यानंतर आली दिव्यांची अवस, २४ जुलै. घरातले सगळे दिवे चिंचेने घासून पाटावर मांडले, रांगोळी काढली, आईने कणकेचे गोड दिवे उकडले आणि त्या दिव्यांनीच मनूला ओवाळलं. कहाणीतलं तिला समजेल तेवढंच सांगितलं: रात्री सगळे दिवे झाडावर जमतात आणि एकमेकांशी बोलतात. तेव्हापासून रोज दिवा लागला की ती विचारते, ‘काय बोल्ला?’ त्याच दिवशी जिवतीचा कागद भिंतीला लावला. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना घेऊन बसलेल्या जरा-जिवंतिका, बुध-बृहस्पती. मनूने कृष्ण आणि साप एवढं पक्कं धरलं. आता काजळी जवळजवळ नाही म्हणून मी चार तारे केले होते.

आणि पुढच्याच आठवड्यात, शुक्रवारी काच तडकली. काच कोरडी होती, वात कापलेली होती, दिवा लावून वीस मिनिटं झाली होती. टक् असा आवाज आणि वरपासून खालपर्यंत चीर. मूल समोर बसलेलं. तुकडे उडाले नाहीत हे नशीब. कंपनीच्या पानावर ‘उष्णतारोधक बोरोसिलिकेट काच’ असं लिहिलंय. ती काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती ओव्हनच्या भांड्यांत, प्रयोगशाळेत वापरतात. एवढ्याशा ज्योतीने ती तडकायला नको. मी फोटो पाठवले, खरेदीची पावती पाठवली, काचेचे पैसे देतो असंही लिहिलं. उत्तर: ‘हाताळणीतील दोष’, आणि नव्या दिव्यावर वीस टक्के सवलत. माझं मागणं एवढंच होतं की काच सुटी विका. लहान मुलांच्या घरासाठी म्हणून जाहिरात करता, मग फुटणारा भाग सुटा मिळायला नको?

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. फोन आणि नोंद दोन्ही मोफत आहे, पावती आणि पत्रव्यवहार जवळ ठेवा. त्या आठवड्यात दोन तारे केले.

तोवर घरात दिवेलागण थांबू द्यायची नव्हती. रविवार पेठेत, बोहरी आळीत कंदिलाच्या काचा अजून मिळतात. बैठकच सोबत नेली आणि एक एक काच बसवून पाहिली. मिळालेली मूळ काचेपेक्षा थोडी उंच आहे, तिचं पोट फुगीर आहे, त्यामुळे ज्योत काचेपासून लांब राहते. नव्वद रुपये. नक्षीचं टोपण तिच्यावर बसत नाही, ते काढूनच टाकलं, आणि वरून हवा मोकळी झाल्यावर उरलीसुरली काजळीही गेली. गणपतीत, गौरींच्या तीन दिवसांत, हाच दिवा देवघराशी होता.

खरी परीक्षा नवरात्रात झाली. यंदा तिथी वाढल्यामुळे २२ सप्टेंबरच्या घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत दहा दिवस अखंड दिवा. तेल घालायला काच उचलावी लागते, ही आणखी एक मोठी अडचण. तापलेली काच जाड फडक्याने धरून बायकोने आणि मी पाळीपाळीने तेल घातलं. दिवा वाळू भरलेल्या परातीत, मूल झोपतं त्या खोलीपासून लांब, आणि रात्री आमच्यापैकी एकाचं अंथरूण बाहेरच्या खोलीत. दसऱ्याच्या सकाळी काच पाहिली तर नुसतं पुसट धुकं. मूळ अवस्थेतला दिवा हे एक रात्रही करू शकला नसता.

दिवाळीच्या आठवड्यात कंपनीकडून अचानक पार्सल आलं: दोन काचा, चिठ्ठी नाही, पैसेही मागितले नाहीत. तक्रारीचा परिणाम असावा. आनंद झाला, खरंच झाला, म्हणून इथे नोंदवतोय. त्यांच्या पानावर मात्र आजही सुटी काच विकायला नाही, आणि भोकं तीच दोन मिलिमीटरची, कारण लक्ष्मीपूजनाला बहिणीने नवा घेतला त्यात मी तपासून पाहिलं.

आता तीन तारे, आणि ते तिथेच राहतील. मनू सव्वादोन वर्षांची होऊन गेली. शुभंकरोति सगळं येत नाही, ‘कल्याणम्’ आणि ‘नमोस्तुते’ मोठ्याने म्हणते, मधलं माझ्याकडून ऐकते. ‘दिव्या दिव्या दीपकाल’ हे तिचं स्वतःचं. परवा मला कामाच्या कॉलमुळे उशीर झाला तर वातीचा डबा घेऊन खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. कॉल बंद केला आणि गेलो.

घ्यायचा असेल तर दुकानात जाऊन घ्या, ऑनलाइन नको. बैठकीची भोकं उजेडासमोर धरून आरपार दिसतात का बघा, नळी हलवून बघा. घरी आणल्यावर आधी मुलाशिवाय तासभर लावून ठेवा. धुरायला लागला तर तेल बदलण्यात पैसे घालवू नका, भोकं मोठी करून घ्या. कंदिलाची काच घ्यायची असेल तर बैठक सोबत न्या, मापावर भरवसा ठेवू नका, आणि एक नाही, दोन घ्या.