सासूबाईंचं बीपी आणि घरचं मशीन : आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये सासूबाईंचं बीपी क्लिनिकमध्ये १६४/९२ आलं. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी ५ मिलिग्रॅमची सुरू झाली आणि डॉक्टर म्हणाले, घरीही मोजत जा. त्याच संध्याकाळी इथल्या, इंदूरच्या राजवाड्याजवळून दंडावर बांधायचं डिजिटल मशीन आणलं. मनगटाचं मुद्दाम घेतलं नाही, हात जरा वर-खाली झाला की त्याचा आकडा बदलतो.

पहिले तीन आठवडे वाया गेले, आणि त्यात मशीनचा दोष नव्हता. दिवसातून आठ-दहा वेळा मोजायचो. जिना चढून आल्यावर, चहा पिऊन, फोनवर बोलता बोलता. १७२ दिसलं की सासूबाई घाबरायच्या आणि पुढचं रीडिंग आणखी वर जायचं. शिवाय सोबत आलेला पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटरचा होता. त्यांचा दंड टेपने मोजला तर ३५ भरला! पट्टा लहान पडला की बीपी खोटं जास्त दिसतं. मोठा पट्टा वेगळा मागवला तेव्हा वरचा आकडा दहाएक अंकांनी उतरला. मशीन घेण्याआधी दंड मोजा, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

मग रीत बसवली. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री जेवणाच्या आधी. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि बोलायचं नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. सात दिवसांतला पहिला सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरची सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर बीपी जास्त धरायचं. क्लिनिकमधली १४०/९० ची रेषा घरी लावायची नाही.

जानेवारीच्या थंडीत वरच्या आकड्याची सरासरी १४६ वर गेली आणि गोळी १० ची झाली. ही गोळी अंगात हळूहळू मुरते, पूर्ण परिणाम दिसायला आठवडा तरी लागतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी निराश व्हायचं नाही असं ठरवलं होतं. आकडे उतरले, पण संध्याकाळी घोट्यांना सूज यायला लागली. चपलेच्या पट्ट्याचा वळ तासभर तसाच राहायचा. वही घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासून अ‍ॅम्लोडिपिन परत ५ वर आणली, टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी ४० मिलिग्रॅमची जोडली आणि दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) व पोटॅशियमची रक्ततपासणी करायला लावली. महिन्याभरात सूज ओसरली. त्याच सुमारास सासूबाईंनी पोह्यांवरची शेव आणि ताटातलं लोणचं स्वतःहून सोडलं. इंदुरात वाढलेल्या माणसाने शेव सोडणं म्हणजे काय, ते इथल्यांनाच कळेल. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

मशीनची खरी किंमत मे महिन्यात कळली. ऊन चढलेलं, आणि पूजेवरून उठताना त्यांना गरगरायला लागलं. बसून ११८/७०, उभं राहून मिनिटाने वरचा आकडा ९६! माझ्या मनात आलं, आजची गोळी देऊच नये. पण आधी फोन केला. डॉक्टरांनी दोन दिवसांची रीडिंग मागितली, पाणी वाढवायला सांगितलं आणि टेल्मिसार्टन २० वर आणली. आता सरासरी १२८/७६ आहे, आणि चक्कर नाही. उभं राहून मोजायचं असतं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. वयस्कर माणसाची गोळी वाढली की ते विचारून घ्या.

तक्रारी आहेत. पट्टा इतका घट्ट आवळतो की त्यांना दुखतं. वेल्क्रो आताच सैल झालंय. बॅटरी उतरल्यावर एकदा चुकीची तारीख नोंदली गेली, म्हणून वहीच खरी धरतो. मशीन मात्र क्लिनिकमध्ये नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहिलं, फरक चारच अंकांचा निघाला.

थंडीत बीपी पुन्हा चढू शकतं, म्हणून ऑक्टोबरमध्ये परत सात दिवस मोजून वही दाखवायची आहे. पट्टा त्याआधी नवा घ्यावा लागेल.