ईब्रॅप: कागद भरपूर, पण शेरे वाचण्यासारखे

मेंदूला मार बसून पुढे नैराश्यात गेलेल्या माजी सैनिकांवरच्या एका चाचणीसाठी आम्ही अमेरिकी संरक्षण खात्याच्या सीडीएमआरपीकडे, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या कार्यक्रमाकडे, निधी मागितला. मी इथल्या एका रुग्णालयात समन्वयक आहे. विज्ञान डॉक्टरांचं, कागद माझे.

आधी ईब्रॅप या त्यांच्या अर्जाच्या संकेतस्थळावर पूर्वअर्ज, मग ग्रँट्स डॉट गव्ह या अमेरिकी सरकारच्या अनुदान-संकेतस्थळावर पूर्ण अर्ज, पडताळणी परत ईब्रॅपवर. नवख्याची दमछाक होतेच. पडताळणीत एखादी चुकलेली फाइल बदलता येते, पण मुदत उलटली की मुख्य आराखडा आणि बजेट यांना हात लावता येत नाही. आमच्याच हिशेब विभागाने बजेटवरची सही शेवटच्या दिवशी पावणेपाचला दिली. माझा डबा तसाच घरी परत.

आवडलं ते परीक्षण. शास्त्रज्ञांच्या बरोबरीने स्वतः हा त्रास भोगलेली माणसंही गुण देतात. १ म्हणजे उत्तम, ५ म्हणजे तळ. आम्ही पडलो. पण शेऱ्यांत एक मुद्दा असा होता की दीड तास पडद्याकडे बघायला लावलं तर अशा माणसाचं डोकं ठणकायला लागेल, दुसऱ्या भेटीला तो येणारच नाही. चार डॉक्टरांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं! भेट आता ४० मिनिटांची केली आहे.

पैसे नाहीत, तरी ५ पैकी साडेतीन तारे.