डोंगरीतली मशिदीवरची अभ्यासिका: साडेतीन स्टार, दीड का कापले ते वाचा

सँडहर्स्ट रोड स्टेशनपासून चालत जाता येतं, मशिदीच्या वरच्या मजल्यावर आहे. नाव लिहीत नाही कारण कमिटीवाल्या चाचांचं तोंड मला पुढेही बघायचंय. मी सीए इंटर करतेय, धाकटा भाऊ बारावी सायन्सला, घर म्हणजे एक खोली आणि पोटमाळा, त्यात रत्नागिरीवरून पाहुणे चालूच, मग अभ्यास होणार कुठे.

फी नाममात्र. मोबाईल दारातच खणात ठेवायचा, यात सूट नाही. पोरांचं सगळं टाईमटेबल नमाजवर बांधलंय, असरची (दुपारनंतरच्या नमाजची) अजान झाली की उठायचं, वजू म्हणजे हातपाय-तोंड धुणं, जमात म्हणजे सगळ्यांनी मिळून नमाज, चहा, आणि मग मगरीबपर्यंत (सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत) कोणी जागचं हलत नाही. भाऊ आधी रात्री दोनपर्यंत रील्स बघायचा तो आता फज्रनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) फिजिक्स घेऊन बसतो, अम्मीला अजून खरं वाटत नाही. आणि जबरदस्ती म्हणाल तर अजिबात नाही, माझ्या शेजारी बसणारी मुस्लिम नाहीये, तिला आजवर कोणी हटकलेलं नाही.

रविवारी दर्स, म्हणजे धार्मिक शिकवणीचा तास असतो. मला वाटलं जन्नत-जहन्नुमवर लेक्चर मिळेल. मौलानांनी सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातली हदीस (पैगंबरांची आठवण) घेतली, बाजारात पैगंबरांनी धान्याच्या ढिगात हात घातला तर आतलं ओलं निघालं, व्यापारी म्हणाला पावसात भिजलं, ते म्हणाले मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, फसवेल तो आमच्यातला नाही. तिथून मौलाना डायरेक्ट प्रॅक्टिकल जर्नलवर, दुसऱ्याची रीडिंग्ज उतरवून वर सरांची सही घेता तो कुठला ढीग? पार्टिशनच्या पलीकडे पोरांचा एकदम आवाज बंद. (आम्ही मुली अलीकडे, स्पीकरवर ऐकतो, तो खरखरतो.)

अजून एक आवडलेलं. बद्रच्या लढाईनंतर, म्हणजे 624 साली, ज्या कैद्यांकडे खंडणी नव्हती पण लिहिता-वाचता येत होतं, त्यांनी मदिनेतल्या दहा मुलांना शिकवायचं आणि सुटायचं, असं सीरतच्या (पैगंबरांच्या चरित्राच्या) पुस्तकांत आहे. त्यावरूनच इथला नियम: फी जमत नसेल तर आठवीतल्या पोरांना गणित शिकवा. आम्ही कैदी आहोत का, असं भावाने विचारलंच, पण शिकवतो आवडीने.

2025 ला रमजान 2 मार्चला सुरू झाला, बोर्डाचे पेपर चालू होते, तेव्हा तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजनंतर) सहरीपर्यंत (रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणापर्यंत) उघडं ठेवलं होतं. फक्त पोरांना.

आता दीड स्टारचं. जिन्यात मोठी फ्रेम आहे, इल्म (ज्ञान) मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज (बंधनकारक) आहे. बरोब्बर तिच्याखाली बोर्ड: मुलींसाठी वेळ दुपारी 2 ते 5. कॉलेज किंवा आर्टिकलशिप (सीएच्या ऑफिसातलं ट्रेनिंग) करणारी मुलगी दुपारी दोनला येणार कुठून, मी सुट्टीच्या दिवशीच येऊ शकते. विचारलं तर चाचा "बेटा, देखेंगे". वरचा हॉल संध्याकाळी कुलूपबंद असतो, मी स्वतः बघितलंय, त्यामुळे जागेचं कारण सांगू नका. मुलींच्या बाजूला चार्जिंग पॉईंटही कमी, एक्स्टेंशन घरून आणा.

ॲडमिशनला आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो लागतात. टेबलावर सूचनांची वही आहे, संध्याकाळच्या बॅचबद्दल माझं लिहून झालंय, ज्या मुली जाल त्यांनी त्याखाली सही करा.