टॅलीप्राइम: बिलावरची नजर हलत नाही

सांगलीच्या गणपती पेठेत होलसेल किराणा दुकानात मी १९ वर्षं हिशेब लिहिते. दिवाळीच्या तोंडावर दिवसाला दीडशे बिलं होतात. तेव्हा नजर कागदावर आणि बोटं कीबोर्डवर लागतात; माउसला हात गेला की ओळ चुकलीच.

मध्यंतरी मालकांनी टॅली हे आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सोडून दुसरं एक बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं होतं. दिसायला देखणं. पण दर टाकून एंटर दाबला की पुढच्या रकान्यात जायचं सोडून अर्धंच बिल सेव्ह व्हायचं. टॅब दाबला तर नगावरून थेट शेऱ्यात उडी, दराचा रकाना मधल्यामध्ये कोरा. धण्याच्या ४० पोत्यांचं बिल असं दराविना पार्टीकडे गेलं आणि त्यांचा फोन मला घ्यावा लागला. तीन महिन्यांत आम्ही टॅलीवर परत आलो.

इथे एफ ८ म्हणजे विक्री, एफ ९ खरेदी, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट. एंटरने पुढचा रकाना, रिकाम्या रकान्यात बॅकस्पेस दाबला की मागचा. सगळं भरून झालं की कंट्रोल-ए, व्हाउचर (म्हणजे ती नोंद) सेव्ह.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ऑल्ट-सी. बिल अर्धं भरलंय आणि पार्टी नवीन निघाली, तिचं लेजर, म्हणजे खातंच नाही. अशा वेळी भरलेलं सोडून बाहेर पडावं लागत नाही. तिथेच ऑल्ट-सी दाबायचं, नाव-पत्ता-जीएसटी नंबर भरायचा, कंट्रोल-ए. की परत त्याच बिलात, त्याच रकान्यात, नवं नाव बसलेलं. हेच ऑल्ट-सी रकमेच्या रकान्यात दाबलं तर कॅल्क्युलेटर उघडतो आणि उत्तर आपोआप रकान्यात येतं. जिथे जे हवं, तिथे ते. हा फॉर्म बनवणाऱ्याने कुणा हिशेबनिसाच्या शेजारी बसून काम पाहिलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

टॅलीच्या जुन्या ईआरपी ९ या आवृत्तीवरून टॅलीप्राइमवर येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: क्रेडिट नोट (विकलेला माल परत आल्याची नोंद) आता ऑल्ट-एफ ६ वर आहे, डेबिट नोट (घेतलेला माल परत केल्याची) ऑल्ट-एफ ५ वर. आणि लॅपटॉपवर एफ ८ दाबून आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त होत असेल, तर एफएन धरून दाबा. टॅली बिघडलेलं नसतं.

जूनमध्ये आमच्याकडे बी.कॉम. झालेली मुलगी लागली. मी तिला पाठ काही करायला लावलं नाही. उजवीकडच्या पट्टीवर प्रत्येक बटणाशेजारी त्याची की लिहिलेली असते, ती बघत बघत पंधरा दिवसांत तिचा हात बसला. परवा ती एका हाताने बिलं उलटत दुसऱ्या हाताने रकमा टाकत होती, मान वर न करता.