पोस्टग्रेस डेटाबेसचं दोन साइटमधलं रेप्लिकेशन, भरपूर राइट्सखाली (डेटा लिहिण्याच्या ताणाखाली): काही महिन्यांच्या वापरानंतर

सेटअप ओळखीचाच: एका साइटवर प्रायमरी (जिथे लिहिलं जातं तो मूळ सर्व्हर), दूरच्या साइटवर स्टँडबाय (त्याची राखीव प्रत), मध्ये असिंक स्ट्रीमिंग (स्टँडबायची वाट न बघता बदल पाठवत राहणं) आणि एक रेप्लिकेशन स्लॉट (स्टँडबाय कुठवर पोचला याची प्रायमरीवरची नोंद). एरवी तिकडे बघावंही लागत नाही. पण मोठा बल्क लोड चालू असताना लिंक गेली आणि बंद पडली ती प्रायमरी! स्टँडबायने न नेलेली प्रत्येक वॉल (WAL, बदलांची नोंदवही) फाइल स्लॉट धरून ठेवतो. १६ एमबीच्या फाइली साचत गेल्या, डिस्क भरली, डेटाबेस आडवा. जी प्रत संकटात कामी यावी म्हणून ठेवली, तिच्यापायी धडधाकट सर्व्हर पडावा, याचा राग अजून गेलेला नाही.

याला आवर घालणारी मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ ही सेटिंग २०२० साली १३व्या आवृत्तीत आली. डिफॉल्ट मात्र -१, म्हणजे मर्यादाच नाही. हे मला मुळीच पटत नाही. मर्यादा घातली तर फार मागे पडलेला स्लॉट बाद होतो आणि वॉलचं आर्काइव्ह नसेल तर स्टँडबाय नव्याने उभा करावा लागतो, हे खरं. पण ते काम सवडीने करता येतं, चालू काम थांबत नाही. आता स्लॉटचा वॉल_स्टेटस ‘अनरिझर्व्ह्ड’ (मर्यादा ओलांडली, फाइली जाण्याच्या बेतात) झाला की लगेच अलर्ट येतो.

लॅगबद्दल, म्हणजे स्टँडबाय मागे पडण्याबद्दल, मात्र मत बदललं. आधी सगळ्यांचा संशय लिंकवर, मोठी लिंक घ्या म्हणून आग्रह. पैसे घालण्याआधी पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन हा लॅगचे आकडे दाखवणारा व्ह्यू बघितला: राइट लॅग, फ्लश लॅग किरकोळ, रिप्ले लॅग मिनिटांत. डेटा पलीकडे वेळेत पोचत होता, लागू होत नव्हता. प्रायमरीवर ढीगभर सेशन एकदम लिहितात, स्टँडबायवर ते सगळं एकच प्रोसेस ओळीने लावते. स्टँडबायवरच्या लांबलचक रिपोर्ट क्वेरी लोडच्या वेळेतून हलवल्यावर बराच फरक पडला.

खरा आनंद वॉल कमी करण्यात मिळाला. चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याच्या टप्प्यानंतर) एखाद्या पानात पहिला बदल झाला की अख्खं ८ केबीचं पान वॉलमध्ये जातं. डिफॉल्ट चेकपॉइंट ५ मिनिटांचा, मॅक्स_वॉल_साइझ १ जीबी. जोरात राइट्स असले की ही साइझची मर्यादा आधीच गाठत येते आणि चेकपॉइंट ५ मिनिटंही थांबत नाही. साइझ भरपूर वाढवला, चेकपॉइंट अर्ध्या तासावर नेला, १५व्या आवृत्तीतलं एलझेड४ कम्प्रेशन लावलं, आणि त्याच जुन्या लिंकवर निभावलं. क्रॅशनंतरची रिकव्हरी लांबते, ते मला चालेल. पूर्ण पानं कमी आली की स्टँडबायला जुनी पानं डिस्कवरून वाचावी लागतात. तिथे १५मधलंच रिकव्हरी_प्रीफेच (लागणारी पानं आधीच वाचायला घेणं) उपयोगी पडतं.

सिंकचा, म्हणजे स्टँडबायची पोच आल्यावरच कमिट (व्यवहार पक्का) करण्याचा, विचार असेल तर अंतर आधी मोजा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो. १,००० किमीवर जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. एकेक कमिट करणाऱ्या सेशनला सेकंदाला १००च्या वर मजल मारता येत नाही, बॅच करावेच लागतात. सिंक्रोनस_कमिट ट्रान्झॅक्शनगणिक बदलता येतं, म्हणून पैशांच्या नोंदींपुरतं आता चालू केलंय. लिंक गेली की हे कमिट अडकून राहतात, त्यामुळे बल्क लोडला ते लावायची माझी तयारी नाही.